बाबूभाईंचे चौसष्ट चौकोन

गेल्या वर्षी ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत आमच्या गावातले लोक सोमवारी आणि गुरुवारी सकाळी एकमेकांना "पाणी आलं का?" असं विचारायचं सोडून "आज कितवा?" असं विचारत. "एकोणिसावा," असं उत्तर आलं की विचारणारा मान हलवून पुढे जाई. शेवगावहून बदलून आलेल्या बँकेतल्या साहेबांना वाटलं, गावात कसलं तरी पारायण बसलंय. त्यांना खरा प्रकार समजावून सांगायला मलाच जावं लागलं. मी इथल्या हायस्कूलला गणित शिकवते, आणि हे सगळं खूळ माझ्यामुळे शिरलं असं गावाचं मत आहे. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं बाबूलालभाईंचं.

बाबूलालभाई म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे. कागदोपत्री ते 'पाणीपुरवठा कर्मचारी' होते, लोकांच्या तोंडी 'वॉलमन', आणि त्यांना स्वतःला यातलं काहीच मान्य नव्हतं. "मी कुठं पानी सोडतो?" ते म्हणत. "मी फकस्त दार उघडतो. जायाचं का न्हाई ते पानी ठरिवतंय." ज्या आळीला पाणी कमी गेलं त्या आळीच्या बायका समोर आल्या की हे वाक्य ते जरा मोठ्यानं म्हणत.

अंगानं काटकुळे, पायजमा गुडघ्याखाली दुमडलेला, डोक्याला टॉवेल, आणि खांद्यावर वॉल्व्ह फिरवायची ती लांबलचक लोखंडी चावी. ही चावी ते कुणाच्या हातात देत नसत. लग्नाला गेले तरी चावी बरोबर. शुक्रवारी नमाजाला गेले की मशिदीच्या भिंतीला चावी टेकवलेली दिसायची आणि बाहेरच्या माणसाला कळायचं की बाबूभाई आत आहेत. एका लग्नात फोटोवाल्याने सांगूनही त्यांनी ती बाजूला ठेवली नाही. त्या घरच्या अल्बममध्ये नवरदेवाच्या डोक्यामागे अजून ती चावी आहे.

वॉल्व्ह उघडायला किती वेढे द्यायचे त्याला ते 'आटे' म्हणत, आणि जगातली सगळी माणसं त्यांनी आट्यांवरच तोलली होती. सरपंच रागात असले तर "सरपंच आज बंद हायेत, जाऊ नका." कुणी फार बडबड करायला लागला की "ह्याचा वॉल पुरा मोकळा झालाय." मी वर्गात एखाद्यावर चिडून घरी निघालेली असले की लांबूनच म्हणत, "बाई आज तीन आट्यांवर हायेत." आणि मला कितीही राग आला तरी ते बरोबर असे.

आता आमच्या गावच्या पाण्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाव दोन टेकाडांच्या मध्ये वसलंय. एका टेकाडावर पाण्याची टाकी, समोरच्या टेकाडावर वरची आळी, आणि बाकीचं गाव मधल्या खोलगटात. टाकीतून निघणाऱ्या पाण्याला सहा वॉल्व्ह आहेत. प्रत्येकाच्या झाकणावर बाबूभाईंनी रंगानं नाव घातलेलं: वेस, बाजारतळ, माळी आळी, मशीद, शाळा, वरची आळी. आठवड्यातून दोनदा पाणी यायचं आणि दोन-दोन वॉल्व्हची जोडी करून तासतासभर सोडायचं, अशी जुनी पद्धत. आधी वेस आणि बाजारतळ, मग माळी आळी आणि शाळा, शेवटी मशीद आणि वरची आळी.

बाबूभाईंना या सहाही जणांचे स्वभाव पाठ होते. बाजारतळ खादाड. माळी आळी लबाड, म्हणजे दिसायला शांत आणि ओढायला बेरकी. मशीद समजूतदार. (इथे लोक त्यांना चिडवत, पण ते ऐकत नसत.) शाळा गरीब, कारण त्या वॉल्व्हवर शाळेची टाकी आणि चारच घरं. राहता राहिली वरची आळी. तिच्याबद्दल ते काही बोलत नसत, कारण वरच्या आळीला पाणीच जात नव्हतं. त्यांनी वॉल्व्हचं काम हातात घेतलं त्याच्या आधीपासून जात नव्हतं. तक्रारी झाल्या, पाहणी झाली, "उंची जास्त आहे" असा शेरा पडला आणि सगळे मोकळे झाले.

वरच्या आळीत चाळीसेक घरं आहेत आणि त्यातल्या एकात मी भाड्यानं राहते. माझं काही अडत नव्हतं. मी तरणीताठी नसले तरी दोन हंडे चढवू शकते. अडत होतं माझ्या शेजारच्या हौसामावशीचं. सत्तरी उलटलेली, दोन्ही गुडघे गेलेले, एकटी बाई. बाजारतळावरच्या सार्वजनिक नळावरून कमरेवर कळशी घेऊन ती चढ चढायची, मध्ये चार ठिकाणी बसायची. कुणी कळशी हातातून घेतलीच तर तिला तो अपमान वाटे. तिचा मुलगा पुण्याला असतो. तो दसऱ्याला आला, आईला चढावर बसलेली बघितली आणि म्हणाला, "या उन्हाळ्यात नळाला पाणी आलं तर ठीक. न्हाई तर मे महिन्यात टेम्पो आणतो आणि घराला कुलूप लावतो." मुलाचं काही चूक नव्हतं. पण मावशी त्या दिवसापासून जेवेनाशी झाली. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर बसून करायचं काय, हा तिचा प्रश्न होता.

मी तावातावानं ग्रामपंचायतीत गेले. ओट्यावर बाबूभाई मांडी घालून बसले होते आणि त्यांच्यापुढे सोडावॉटरच्या बाटल्यांची सहा बुचं. काही उलटी, काही सुलटी. शेजारी जुन्या कॅलेंडरचा कागद आणि त्यावर काहीतरी लिहिलेलं.

"हे काय चाललंय?"

"बाई, नेहमीच्या तीन जोड्या धरून समद्या मिळून किती तऱ्हेनं हे सहा वॉल उघडता येतील, त्याची यादी करतोय. एखाद्या तऱ्हेनं वरच्या आळीला पानी चढंल. परवा सत्तावन्न झाल्या. काल येकसष्ट. आज परत मोजल्या तर अठ्ठावन्न. मधी कुठं तरी गळती हाय."

मी गणिताची बाई. मला कुणी असं ताटात वाढून दिलं की राहवत नाही. मी म्हटलं, "चौसष्ट. लिहून घ्या. प्रत्येक वॉल्व्ह एक तर उघडा, नाहीतर बंद. दोन गुणिले दोन, असं सहा वेळा." मी त्यांना संच, उपसंच वगैरे सांगायला लागले. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "गुनाकार बरोबर आसंल. पर यादी कुठं हाय?"

तीन दिवसांनी सकाळी साडेसहाला ते माझ्या दारात हजर. "बाई, सापडली. गळतीच होनार न्हाई आशी सापडली. येकच वॉल आसता तर दोन तऱ्हा, उघडा न्हाई तर बंद. दुसरा आला की जुनी यादी जशीच्या तशी दोनदा लिवायची. येकदा दुसरा बंद ठिवून, येकदा उघडा ठिवून. झाल्या चार. तिसरा आला की ती चाराची यादी परत दोनदा. आसं करत सहाव्यापर्यंत जायाचं. येक बी सुटत न्हाई."

नववीच्या वर्गात हाच धडा मी तीन तासिका घालून शिकवते आणि चौथ्या दिवशी निम्मा वर्ग कोराच असतो. त्या दिवशी मी बाबूभाईंची रीत फळ्यावर लिहिली आणि वर्गाला पाऊण तासात कळलं. रीत कुणाची ते मी सांगितलं नाही. आज सांगून टाकते.

"मग चौसष्ट झाल्या ना?" मी विचारलं.

"त्रेसष्ट."

"चौसष्ट, बाबूभाई."

"चौसष्टावी कोंची माहिती हाय का? सगळे बंद! आता सगळे बंद ही काय पानी द्यायची तऱ्हा हाय व्हय? तुमच्या पुस्तकात चालत आसंल. मी सगळे बंद ठिवून बसलो तर सरपंच मला घरी बसवतील."

या एका चौकोनावरून आम्ही चार महिने भांडलो. चौकोन म्हणते, कारण त्यांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर आठ गुणिले आठ चौकोन आखले आणि ते पान ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलं. माझ्या आग्रहाखातर चौसष्टावा आखला, पण त्यात काही लिहिलं नाही. योजना अशी ठरली: पाण्याच्या दिवशी टाकी भरलेली असताना पहिली पंधरा मिनिटं एक नवी तऱ्हा उघडून बघायची, मग नेहमीच्या जोड्या. वरच्या आळीत पाणी चढलं की हौसामावशीनं बाबूभाईंना मिस कॉल द्यायचा. त्यासाठी मुलानं पाठवलेला मोबाईल तिला पहिल्यांदाच उपयोगी पडणार होता. ती दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी मोबाईल मांडीवर घेऊन नळासमोर पाट टाकून बसायची.

आठवड्याला दोन म्हणजे बत्तीस आठवडे. मे महिन्याच्या मध्यापर्यंत जेमतेम पुरणारे. आणि इथे मी माझी हुशारी पाजळली. मी म्हटलं, "बाबूभाई, चौसष्ट कशाला? वरच्या आळीला पाणी द्यायचंय म्हणजे वरच्या आळीचा वॉल्व्ह तर उघडाच पाहिजे. ज्या तऱ्हांमध्ये तो बंद आहे त्या सगळ्या सोडून द्या. बरोब्बर निम्म्या जातील. बत्तीसच उरल्या. फेब्रुवारीच्या आत काम होईल."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "म्हंजे हिशेब कराय बसायच्या आदीच निम्मं काम झालं?" आणि त्यांनी ज्याला-त्याला सांगितलं की बाईंनी बसल्या जागी सोळा आठवडे वाचवले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग सुरू झालं. पंधरा मिनिटांत गावात काय काय होऊ शकतं ते आम्हाला त्या थंडीत कळलं. सातव्या तऱ्हेला वेशीजवळच्या न्हाव्याच्या दुकानात गुडघाभर पाणी. बाराव्या तऱ्हेला माळी आळीतल्या एका मोरीतून कारंजं उडालं आणि बघायला गर्दी जमली. एका घरी लग्न होतं, त्या दिवशी मुलीचा बाप हात जोडून आला, "बाबूभाई, आज बाजारतळ पहिल्यांदा सोडा." बाबूभाई म्हणाले, "आज एकविसावा हाय. एकविसाव्यात बाजारतळ बंद हाय. पंधरा मिन्टं कळ काढा." बाप म्हणाला, "नवरदेवाची आंघोळ राहिली!" "त्याला म्हनावं, बाविसावा आसता तर झाली आसती." आणि खरंच पंधरा मिनिटं बाजारतळ उघडलं नाही. नंतर मात्र नवरदेवासाठी दोन हंडे स्वतः वाहून नेले.

ग्रामसभेत नव्या प्लॉटिंगसाठी सातवा वॉल्व्ह बसवायचा विषय निघाला तेव्हा तर कहर झाला. सगळे हो म्हणत होते, ठराव लिहायला घेतला होता, आणि मागून बाबूभाई उठले. एरवी सभेत तोंड न उघडणारा माणूस ओरडला, "येक वॉल म्हंता, पर चौसष्ट वाढत्यात!" सरपंचांना वाटलं, बाबूभाई जास्तीच्या कामाला कां कू करतायत. ते म्हणाले, "अहो, एकच चेंबर आहे, दोन मिनिटांचं काम." बाबूभाई भिंतीवरच्या तक्त्याकडे हात करून म्हणाले, "हा तक्ता अजून अर्दा बी झाला न्हाई. सातवा आला तर आसा दुसरा तक्ता लागंल. तवर माझी नोकरी संपंल आन मावशीचं घर बंद हुईल." सभा हसली. सातव्या वॉल्व्हचा विषय पुढच्या वर्षावर गेला. का गेला ते सभेला शेवटपर्यंत कळलं नसावं.

जानेवारी संपला. बत्तिसावी तऱ्हा झाली. हौसामावशीचा मोबाईल एकदाही उचलला गेला नाही. नळाच्या तोंडातून थेंब सोडा, दमटपणाही आला नाही. मी खजील झाले आणि खजील झालेली माणसं करतात तेच केलं, दोष दुसरीकडे ढकलला. म्हटलं, "पाइपच कुठेतरी चेमटला असणार. किंवा उंचीच जास्त आहे. आपण सगळं करून पाहिलं."

"सगळं कुठं?" बाबूभाई म्हणाले. "तुमी सोडलेल्या बत्तीस बाकी हायेत की."

"त्यात वरच्या आळीचा वॉल्व्ह बंद आहे, बाबूभाई! दार बंद ठेवून पाहुणा आत कसा येईल?"

त्यांनी चावी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "बाई, त्या झाकनावर 'वरची आळी' आसं कुनी लिवलं? मी. मला कुनी सांगितलं? माज्या आदीच्या वॉलमननं. त्याला कुनी सांगितलं ते त्याला बी ठावं नव्हतं. जिमिनीखाली कुनी बघितलंय?"

वीस वर्षं मी पोरांना सांगत आले की गृहीत काय धरलंय ते आधी तपासा. सहावी पास माणसानं तेच मला ओट्यावर बसून ऐकवलं, तेही इतक्या अदबीनं की रागही येईना. मी सोळा आठवडे वाचवले नव्हते, घालवले होते. उरलेल्या बत्तीस तऱ्हांना सोळा आठवडे लागणार होते आणि मुलाचा टेम्पो यायला तेवढेच बाकी होते.

त्यातच फेब्रुवारीत धरणाकडून येणारी मोठी लाइन फुटली. नऊ दिवस गावात पाणी नाही. बायका रिकामे हंडे घेऊन ग्रामपंचायतीवर आल्या. मी पाहिलं, त्या नऊ दिवसांतही पाण्याच्या वारी बाबूभाई चावी खांद्यावर टाकून सहाही चेंबरांवर फिरत होते. प्रत्येक झाकण उचलायचे, वॉल्व्ह घट्ट आहे का बघायचे, अर्धा आटा पिळायचे, पुढे जायचे. मी विचारलं, "पाणीच नाही तर हे कशाला?" म्हणाले, "लाइनी रिकाम्या हायेत. येक जरी ढिला राह्यला तर गटारीचं पानी आत वढलं जातं आन पोरं आजारी पडत्यात." संध्याकाळी मी ग्रामपंचायतीवरून गेले तर तक्त्यावरच्या चौसष्टाव्या चौकोनात बरोबरची खूण. बाबूभाई माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं खरं हुतं. समदे बंद ठिवायला बी मानूस लागतोय." मी जिंकले होते, पण तसं बोलून दाखवायचा मला धीर झाला नाही.

पुढे उन्हाळा लागला. दुसऱ्या निम्म्यातल्या तऱ्हा ते मोठ्यापासून छोट्याकडे नेत होते, आधी पाच उघडे, मग चार, मग तीन, मग दोन. एप्रिलच्या अखेरीस शाळा आणि मशीद असे दोनच उघडे ठेवले त्या दिवशी हौसामावशी पाटावरून उठून माझ्या दारात आली. "बाई, नळानं सुसकारा टाकला." मी जाऊन कान लावला. काही नाही. मी बाबूभाईंना म्हटलं, "म्हातारीचा भास. आणि असलीच तरी ती हवा होती, पाणी नाही." ते म्हणाले, "हवा कुनीतरी ढकलल्याबिगर येत न्हाई." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी दोनदा चहा मागवला.

खरं कारण नंतर खणल्यावर कळलं, ते इथेच सांगते. सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा वरच्या आळीचा पाइप तुटला होता आणि रस्तेवाल्यांनी तो जवळच्या शाळेच्या लाइनीला जोडून दिला, कुणाला न सांगता. 'वरची आळी' लिहिलेला वॉल्व्ह जुन्या तुटक्या लाइनीलाच राहिला. ती लाइन जाऊन रिती होत होती गावाबाहेरच्या पडक्या बारवेत. ही बारव भर उन्हाळ्यात आटत नाही म्हणून लोक तिथे नारळ फोडायचे. म्हणजे वरच्या आळीला पाणी द्यायचं म्हणून आठवड्यातून दोनदा आम्ही इमानदारीनं बारव भरत होतो. शाळेचा वॉल्व्ह उघडायचा तेव्हा जोडीला माळी आळी नाहीतर दुसरं कुणीतरी असायचंच, ते सगळं ओढून घ्यायचं, आणि पाणी चढावाच्या तोंडाशी येऊन परत फिरायचं. ज्या बत्तीस तऱ्हा मी हुशारीनं सोडून दिल्या होत्या, उत्तर त्यांच्यातच होतं.

बाबूभाई मेअखेरीस निवृत्त झाले आणि जामखेडला लेकीकडे राहायला गेले. तिथे रोज पाणी येतं, असं लेक सांगते, आणि त्यामुळे त्यांना करमत नाही. जाण्याआधी तक्त्यावर एक चौकोन उरला होता, फक्त मशिदीचा. काम झालेलं असूनही त्यांनी तो करून पाहिला आणि खूण केली. यादी अर्धी ठेवायची नाही म्हणे.

पण मला ते आठवतात त्याच्या आधीच्या गुरुवारचे. त्या दिवशी तक्त्यावर दोनच चौकोन बाकी होते, पाळी एकट्या शाळेची होती आणि रविवारी टेम्पो येणार होता. हौसामावशीनं गोधड्या बांधून ठेवल्या होत्या. भांडी पोत्यात भरली होती, दोन हंडे आणि कळशी तेवढी बाहेर. ती पाटावर बसली होती, मोबाईल मांडीवर, आणि नळाकडे न बघता भिंतीकडे बघत होती. शाळेला सुट्टी होती म्हणून मीही तिच्याजवळ बसले होते. सकाळचे सात वाजले असतील.

नळ खोकला. एकदा, दोनदा. मग त्याच्या तोंडात कोंबलेलं फडकं उडून अंगणात पडलं आणि गंजाचं तांबडं पाणी आलं, मग गढूळ, मग स्वच्छ. पलीकडच्या घरातून किंचाळी आली, मग त्याच्या पलीकडच्या. आमच्या आळीत एकाही नळाला तोटी नव्हती. इतक्या वर्षांत लोकांनी त्या काढून दुसरीकडे वापरल्या होत्या, कुणी मक्याचं रिकामं कणीस बसवलं होतं, कुणी चिंधी. आता चाळीस नळ एकदम सुटले होते आणि बंद करायची सोय एकाकडेही नव्हती. मावशी गुडघे विसरून उठली आणि हंडा लावला. मी घरी पळाले, बादल्या लावल्या. पातेली, टिपाडं, परात, जे हाताला लागेल ते लोक भरत होते. मिस कॉल कुणीच दिला नाही.

पंधरा मिनिटांनी चढावरून बाबूभाई धावत आले. चावी खांद्यावर, टॉवेल कुठेतरी पडलेला, चेहरा पांढराफटक. "कुठं फुटलं? शाळेच्या लाइनीला एवढी वढ कशी?" त्यांना वाटलं होतं, पाइप फुटला.

मग त्यांनी बघितलं. रस्त्याच्या दोन्ही कडेनं पाणी वाहत होतं.

"तोट्या! आरं तोट्या बंद करा! समदं वाया चाललंय!" असं ओरडत ते सगळ्यात जवळच्या नळाकडे, म्हणजे मावशीच्या नळाकडे धावले आणि तळहातानं त्याचं तोंड दाबून धरलं. पाणी बोटांमधून उडालं, त्यांच्या तोंडावर, माझ्यावर, बांधलेल्या गोधड्यांवर. मावशीनं त्यांच्या हातावर चापट मारली.

"काड हात. इतक्या वर्सांनी आलंय आन दाबून धरतोस व्हय?"

त्यांनी हात काढला. तो पायजम्याला पुसला. मग म्हणाले, "मावशी, मिस कॉल का न्हाई दिला?"

"हात वल्ले हुते रं." मग तिनं मानेनंच पाटावरच्या मोबाईलकडे दाखवलं. "माजे हात अजून वल्लेच हायेत. तूच लाव पोराला. म्हनावं, टेम्पो नगं."

बाबूभाईंनी फोन लावला. "हां, मी बाबूलाल. तुमच्या आईच्या नळाला पानी आलंय." तिकडून काहीतरी उत्तर आलं. "खोटं कशापायी बोलू?" ते म्हणाले. ते खाली बसले आणि त्यांनी फोन नळाच्या धारेजवळ धरला. जवळ, अजून जवळ. मी म्हटलं, "बाबूभाई, भिजतोय तो." त्यांनी ऐकलं नाही. ते रडत होते आणि ते झाकायचा प्रयत्नही करत नव्हते. मलाही रडू आलं.

ते तसेच बसून राहिले, ओल्या पायजम्यात, पाण्यानं भरलेला फोन धारेखाली धरून. तो फोन पुन्हा चालू झाला नाही. रविवारी टेम्पोही आला नाही.